चालतें घड्याळ आणि मुका सॉकेट



गेल्या भाद्रपदांत आमच्या इमारतींत एका घड्याळानें मोठा घोटाळा केला. घोटाळ्याचें मूळ म्हणाल तर एक वीतभर तार. परंतु तिच्यापायीं एका गरीब माणसाचा पंधरा दिवसांचा पगार बुडण्याची वेळ आली होती. मी कांहीं विद्युत्-शास्त्र शिकलेला मनुष्य नव्हे. मॅट्रिक झालों, आणि पुढें सारी उमर मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालों. पण इतिहास शिकविणाऱ्याला एक खोड जडते. कोणतीहि वस्तु अडून बसली, कीं ती प्रथम कोणीं केली आणि कशासाठीं केली, हें विचारल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. त्या खोडीमुळेंच आजचें हें भाषण.

आमच्याकडे नळाचें पाणी पहांटे साडेचारला येतें आणि सहाच्या आंत जातें. तेवढ्या अवधींत तें गच्चीवरच्या टाकींत चढवावें लागतें. यासाठीं पंपाच्या खोलींत भिंतीवर एक वेळेचें घड्याळ बसविलेलें आहे. बाजारांत त्याला सरसकट टायमर म्हणतात. त्याच्यापासून निघालेली तार दोन सॉकेटांना जाते. एकांत पंप, दुसऱ्यांत त्या खोलींतला दिवा. जुनें घड्याळ तबकडीचें होतें. तबकडीच्या कडेला खुंट्या, ज्या वेळेची खुंटी आंत दाबावी त्या वेळीं वीज चालू. पुष्कळ वर्षें चाकरी करून त्याचे दांते झिजले, म्हणून व्यवस्थापक मंडळीनें नवें, आंकडे दाखविणारें घड्याळ आणवून एका वायरमनकडून बसवून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पाणी चढलें नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. वायरमन दुपारीं येऊन पाहून गेला. घड्याळाचे आंकडे लखलखीत होते, वेळ मिनिटाला बरोबर होती. त्यानें खिशांतला टेस्टर सॉकेटला लावला, त्यांतला तांबडा ठिपका मिणमिणला. "वीज येते आहे, घड्याळ उत्तम आहे," असा निकाल त्यानें दिला. पंप दुसऱ्या सॉकेटला जोडून पाहिला तर तोहि खणखणीत चालला. मग पहांटेस काय होतें? मंडळीच्या बैठकींत तर्क निघाला, कीं आमचा पहारेकरीच झोपेच्या गुंगींत बटन बंद करीत असला पाहिजे. घड्याळ खोटें बोलत नाहीं, माणूस बोलतो, असें एक गृहस्थ म्हणाले, आणि पंधरा दिवसांचा पगार कापावयाचें ठरलें. त्या रात्रीं म्हातारा माझ्या दाराशीं येऊन उभा राहिला. "गुरुजी, मीं बटनाला हात लावलेला नाहीं, एवढें तुम्ही तरी माना," इतकेंच तो बोलला.

तें मला खरें वाटलें. पण खरें वाटणें हा पुरावा नव्हे, हें मी वर्गांत इतक्या वेळां सांगितलें आहे, कीं आतां स्वतःलाच सांगणें भाग होतें. म्हणून प्रथम या यंत्राची कुळकथा पाहूं.

वेळ मोजणें हें एक काम, आणि ती वेळ झाली म्हणजे कांहीं घडवून आणणें हें दुसरें. आपल्याकडे पूर्वी घटिकापात्र असे. तांब्याची अर्धगोल वाटी, बुडाला बारीक भोंक. ती पाण्यावर सोडावी, भोंकांतून पाणी चढत चढत २४ मिनिटांत ती बुडावी. ती झाली एक घटका. अशा ६० घटकांची एक अहोरात्र, आणि एका घटकेचीं ६० पळें. वाटी बुडाली कीं जवळ बसलेल्या माणसानें काशाच्या थाळीवर टोला द्यावयाचा. त्या थाळीलाहि तास म्हणत, आणि काळाच्या मापालाहि तास म्हणतात. आपल्या भाषेनें मोजमाप आणि टोला एकाच शब्दांत बांधून ठेवले आहेत. पण लक्षांत घ्या, वाटी स्वतः कांहींच करीत नव्हती. ती फक्त बुडे. करणारा तो माणूस. त्याला डुलकी लागली तर गांवाची घटका चुके, आणि बोल त्यालाच लागे.

या घटिकापात्राची एक कथा आपण सर्वांनीं ऐकलेली असेल. भास्कराचार्यांनीं आपल्या लीलावती नांवाच्या कन्येच्या लग्नाची घटका काढली, पात्र पाण्यावर ठेवलें, आणि सर्वजण तें बुडण्याची वाट पाहत बसले. मुलगी कुतूहलानें वाकली. तिच्या अंगावरचें एक मोतीं निसटून वाटींत पडलें आणि भोंकावर जाऊन बसलें. पाणी शिरेना, वाटी बुडेना, आणि मुहूर्त टळून गेल्यावर मग कोणाच्या ध्यानांत आलें. ही दंतकथा आहे. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें १५८७ सालीं लीलावती ग्रंथाचें फारसी भाषांतर केलें, त्याबरोबर ती पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ती नाहीं. तरीहि आमच्या पंपाच्या खोलींत मला तीच आठवली. पात्र ठीक, पाणी ठीक, बघणारे डोळे ठीक. मधली वाट तेवढी बुजलेली.

खरा इतिहास पाहावयाचा तर चाळिसगांवाजवळ पाटण येथें शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्यासंबंधींचा तो लेख १२०७ च्या सुमाराचा आहे. आणि योगायोग असा, कीं त्याच्याच आदल्या वर्षीं, म्हणजे १२०६ सालीं, तैग्रिस नदीच्या वरच्या खोऱ्यांत अल्-जझरी नांवाच्या कारागिरानें आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यांत एक पाण्याचें घड्याळ आहे, चांगलें थोरलें. ठराविक वेळीं त्याचीं दारें आपोआप उघडत, बाहुले वाद्यें वाजवीत. येथें टोला देणाऱ्या माणसाची गरज उरली नव्हती. मोजणारें आणि करणारें हीं दोन अंगें एकाच यंत्रांत आलीं. तरी तीं अंगें मात्र दोनच राहिलीं. पाणी वेळ मोजी, आणि दोऱ्या-कप्प्या दारें उघडीत. दोरी तुटली तर पाणी वाहतच राही, पण दार उघडत नसे.

आतां एकदम सहाशें वर्षें ओलांडतों. मधल्या काळांत युरोपांत मनोऱ्यांवरचीं घड्याळें झालीं, लंबकाचीं झालीं, तीं सर्वांना ठाऊक आहेत. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर बेन यानें १८४१ सालीं विजेच्या घड्याळाचें पेटंट घेतलें. विजेचा आणि घड्याळाचा विवाह येथें लागला. पण या विवाहांत वीज घड्याळाला चालवी. घड्याळानें विजेला चालवावयाचें, ही उलट गोष्ट अद्याप दूर होती. कारण विजेचे दिवेच घरोघर नव्हते.

दिवे होते ते गॅसचे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. संध्याकाळीं ते लावीत जाणारा आणि पहांटे मालवीत जाणारा मनुष्य हा त्या काळचा टायमरच म्हणावयाचा. इंग्लंडांतील कारागिरांनीं त्याच्या जागीं किल्लीचें घड्याळ खांबावर बसविलें. वेळ झाली कीं तें तोटी फिरवी, आणि सतत तेवणाऱ्या एका बारीक ज्योतीवर मोठा दिवा पेट घेई. बाथ शहरांतील हॉर्स्टमन यांच्या कारखान्यानें पुढें अशा घड्याळांत मोठें नांव मिळविलें. त्यांच्या तबकडींत अशी योजना असे, कीं ऋतूप्रमाणें दिवा लागण्याची वेळ आपोआप मागेंपुढें सरकावी. आपल्याला हें फार महत्त्वाचें वाटणार नाहीं, कारण मुंबईस सूर्य मार्गशीर्षाच्या सुमारास सहाला मावळतो आणि आषाढांत सव्वासातला. सारा फरक सव्वा तासाचा. पण लंडनला हिंवाळ्यांत दुपारीं चारच्या आधींच सूर्यास्त होतो, आणि उन्हाळ्यांत त्याहून साडेचार तास उशिरां. एकच वेळ बांधून ठेवली तर निम्मा गॅस उन्हांत जळावयाचा.

स्वीडनच्या गुस्टाफ डालेन यानें तर घड्याळच काढून टाकलें. समुद्रांतल्या दीपस्तंभांसाठीं त्यानें १९०७ सालीं सूर्याच्या उजेडानेंच बंद होणारी झडप शोधून काढली. एक काळी दांडी, तिच्याभोंवतीं चकाकणाऱ्या दांड्या. दिवस उजाडला कीं काळी दांडी उजेड शोषून घेऊन इतरांपेक्षां किंचित् अधिक वाढते आणि वायूची वाट बंद करते. अंधार पडला कीं पूर्ववत् आखडते आणि दिवा लागतो. दिवसभराचा वायु वांचला. १९१२ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्याला याच कामाबद्दल मिळालें. पण त्याच वर्षीं एका स्फोटांत त्याचे दोन्ही डोळे गेले. पारितोषिक घेण्यास त्याचा भाऊ गेला. दिव्यांना दिवस-रात्र ओळखावयास शिकविणाऱ्याला स्वतःला पुढें पंचवीस वर्षें ती ओळखतां आली नाहीं. तरी १९३७ सालीं मृत्यु येईपर्यंत तो आपल्या कारखान्याचा कारभार पाहत होता.

आमच्या जुन्या, खुंट्यांच्या घड्याळाचा खरा जनक मात्र अमेरिकेंतला हेन्री वॉरन. आपल्याकडे येणारी वीज एका सेकंदांत ५० वेळां आंदोलन घेते. अमेरिकेंत ६० वेळां. वॉरननें अशी इवलीशी मोटर केली, कीं जी या आंदोलनांच्या तालावरच फिरते, एक पाऊल पुढें नाहीं कीं मागें नाहीं. मग लंबक नको, स्प्रिंग नको, किल्ली नको. पण त्याचें घड्याळ कांहीं केल्या बरोबर चालेना. शोध केल्यावर आढळलें, कीं घड्याळ निर्दोष आहे. वीजकेंद्रांतला तालच ढिला आहे. तेव्हां त्यानें वीजकेंद्रासाठींच एक मोठें घड्याळ केलें. त्याला दोन कांटे. एक लंबकावर चालणारा, दुसरा तेथल्या विजेवर चालणारा. दोघे एकमेकांवर राहतील अशा बेतानें यंत्रें चालवावयाचीं. ऑक्टोबर १९१६ मध्यें बोस्टनच्या एडिसन कंपनीच्या केंद्रांत तें बसलें. बिघाड जेथें दिसतो तेथें तो असतोच असें नाहीं, याचें मला याहून सुंदर उदाहरण ठाऊक नाहीं.

ही ढिलाई आपणहि भोगलेली आहे. १९९० च्या दशकांत आपल्याकडे विजेचा ताल ५० ऐवजीं ४९ च्याहि खालीं पुष्कळ वेळां उतरे. ४९ वर दिवस काढला तर अशा मोटरीचें घड्याळ चोवीस तासांत जवळजवळ अर्धा तास मागें पडतें. २००२-०३ पासून केंद्रांच्या दरांची नवी पद्धति आल्यावर ताल पुष्कळ ताळ्यावर आला. पण मग २००५ नंतर महाराष्ट्रांत भारनियमनाचीं वर्षें आलीं. वीज तीन तास गेली, कीं मोटरीचें घड्याळ तीन तास झोपे, आणि पहांटेचा पंप भर सकाळीं सुरू होई. त्या काळांत आमचा हाच पहारेकरी रोज तबकडी हातानें पुढें सरकवीत असे. तें मात्र बैठकींत कोणाच्या स्मरणांत नव्हतें.

आणि वेळ तरी कोणाची धरावयाची? १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ झाली, तरी मुंबईनें आपली जुनी, ३९ मिनिटें मागची वेळ हट्टानें धरून ठेवली. नगरपालिकेच्या घड्याळांतून ती १९५५ पर्यंत गेली नाहीं. तो विषय मोठा रसाळ आहे, पण आज त्यांत शिरत नाहीं.

नव्या घड्याळाचें पोट निराळें. त्यांत स्फटिकाचा एक कण असतो. असा स्फटिक-घड्याळाचा पहिला प्रयोग अमेरिकेंत बेल यांच्या प्रयोगशाळेंत १९२७ सालीं वॉरन मॅरिसन यानें केला. आजच्या घड्याळांतील कण बहुधा सेकंदाला ३२,७६८ कंपनें घेतो. ही संख्या मुलांना मी नेहमीं करावयास देत असें. तिला पंधरा वेळां निम्में करा, बरोबर एक उरतो. वीज गेली तरी आंतली लहान बॅटरी हें मोजमाप चालू ठेवते. म्हणून आंकडे दिसतात याचा अर्थ फक्त मोजणारा जागा आहे, एवढाच. करणारा त्याच्याहून निराळा. त्याला रिले म्हणतात. लोहचुंबकानें खेंचला जाणारा धातूचा एक पडदा. लहान प्रवाहानें मोठा प्रवाह जोडावयाची ही युक्ति प्रिन्स्टनच्या जोसेफ हेन्रीनें १८३५ च्या सुमारास काढली. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या त्या चिमुकल्या पेटींत वाटीहि होती आणि टोला देणारा माणूसहि होता.

एवढा विचार झाल्यावर मीं एक साधा बेत केला. घड्याळ उघडावयाचें नाहीं, तारांना हात लावावयाचा नाहीं. तें परवानाधारक माणसाचें काम. पण डोळे आणि कान लावावयास परवाना लागत नाहीं. पहांटे सव्वाचारला पहारेकऱ्याला घेऊन खोलींत जाऊन बसलों. आधीं बटनें पाहिलीं. घड्याळ 'स्वयंचलित'वर होतें, कायम बंदवर नव्हतें. पहांटेच्या ऐवजीं सायंकाळचे साडेचार तर लावले नाहींत ना, तेंहि पाहिलें. पुष्कळ घरीं हीच चूक असते. मुख्य स्विच चढलेला होता. साडेचार वाजले. पेटींतून स्पष्ट 'टक्' असा आवाज आला, आणि तिच्यावरचा बारीक ठिपका उजळला. पंप मुका, दिवाहि मुका.

त्या 'टक्'नें पहारेकरी सुटला. बटन कोणीं दाबलें नव्हतें, मी डोळ्यांदेखत पाहत होतों. शिवाय दोन्ही सॉकेट एकदम मुके होते, तेव्हां दोष पंपाचा नव्हे, एका सॉकेटाचाहि नव्हे; दोघांच्या मागें जेथें एकच तार आहे तेथला. आणि रिले ओढला गेला, तेव्हां घड्याळाच्या स्वतःच्या पोटापुरती वीज येत होती. राहिली एकच जागा. टोला आणि थाळी यांच्या मधली.

दुसरा, परवाना असलेला वायरमन बोलावला. त्यानें मुख्य स्विच पाडला, झांकण काढलें आणि मला जवळ बोलावून दाखविलें. जुन्या घड्याळांत आंत आलेली वीजच आंतल्या आंत पुढें सॉकेटाला दिलेली असे. नव्यांत पांच स्क्रू होते. दोन घड्याळाच्या स्वतःच्या पोषणाचे. उरलेले तीन रिलेचे, आणि या तिघांचा पहिल्या दोघांशीं आंतून कांहीं संबंध नाहीं. कारखानदार मुद्दाम असें ठेवतात, म्हणजे त्याच घड्याळानें वेगळ्या दाबाचें मंडलहि चालू-बंद करतां येतें. अशा ठिकाणीं आलेल्या विजेच्या तारेचा एक लहान फांटा रिलेच्या मधल्या, सामाईक स्क्रूला बाहेरून द्यावा लागतो. पहिल्या वायरमननें जुन्याच्या संवयीनें तारा लावल्या होत्या. सॉकेटाची तार रिलेच्या एका टोंकाला बरोबर होती. मधला स्क्रू मात्र नवा कोरा, चकाकत, रिकामा. रिले रोज पहांटे इमानानें दार उघडीत होता. दारामागें पाणीच नव्हतें.

मग तो टेस्टरचा मिणमिणता ठिपका? त्याचाहि उलगडा त्यानें केला. एकाच नळींतून शेजारीं शेजारीं लांबवर गेलेल्या तारांत, एकींत वीज असली तर दुसरींत तिची नुसती चाहूल उमटते. टेस्टरचा दिवा तेवढ्यावर मिणमिणतो. पण तिच्यांत पंप सोडा, साधा बल्बहि लावण्याचें बळ नसतें. खात्री करावयाची तर मीटरनें किंवा भार घेणाऱ्या चाचणीच्या दिव्यानें करावयाची. त्यानें वीतभर, पुरेशा जाडीच्या तारेचा फांटा लावला, झांकण बसविलें, स्विच चढविला. दोन्ही सॉकेटांवर चाचणीचा दिवा लख्ख पेटला. जातां जातां त्यानें एक सूचना केली. पंपाची मोटर सुरू होतांना नेहमींच्या कैक पट प्रवाह ओढते, त्यानें रिलेचे स्पर्शबिंदु जळतात किंवा चिकटतात; म्हणून मध्यें एक मोठा कॉन्टॅक्टर घालावा, घड्याळानें त्याला फक्त खूण करावी. तोहि आतां बसविला आहे. म्हणजे मोजणारा एक, खूण करणारा दुसरा आणि ओझें उचलणारा तिसरा.

पुढच्या बैठकींत मीं हें सर्व सांगितलें. पगार कापण्याचा ठराव मागें घेतला गेला. ज्या गृहस्थांनीं घड्याळाची बाजू घेतली होती, ते म्हणाले, "तरी पण त्यानें लक्ष ठेवावयास हवें होतें." यावर मी कांहीं बोललों नाहीं, पहारेकरी बाहेर जिन्यावर बसला होता, त्याला आधीं निरोप सांगावयाचा होता.

आतां पंप बिनचूक चालतो. परवां पहांटे मला जाग आली म्हणून खालीं डोकावलों, तर म्हातारा खोलीच्या दाराशीं उभा. साडेचार वाजले, आंत 'टक्' झालें, पंप घुमूं लागला. त्यानें पुढें होऊन गच्चीकडे जाणाऱ्या नळावर तळहात टेकला, पाणी चढत असल्याचें हाताला लागेपर्यंत तसाच थांबला, आणि मग घोंगडी सांवरून आपल्या जागेवर गेला.